टाचेमागचा झाडू

१

आमच्या टेसनचा सबवे चार वर्सं मी झाडला. मोठ्या शहरात असते तसा नाई बरं का. सेलूकडचं लहानसं टेसन, नाव सांगत नाई, उगाच कोनाची नोकरी जाईन. रुळाखालून चाळीस पावलांचा बोगदा. गावाकडून एकवीस पायऱ्या उतराच्या, तिकडे एकवीस चढाच्या, का आलं दोन नंबर फलाट. नागपूरची गाडी दोन नंबरलेच लागते, त ज्याले नागपूरले जाचं त्याले खालूनच जा लागते. तुमीही जाता. तंबाखूचा खर्रा थुंकता, बिस्किटाचा पुडा फेकता आन धावत सुटता. बोलाचं कोनाले?

माहं नाव जया. सकाळी सहा ते दोन ड्यूटी. वरचे फलाट सुलोचनाबाईचे, खालचा बोगदा माहा. सात पंधराची पॅसेंजर गेली का मी झाडू घेऊन उतरो. आमची झाडाची रीत अशी, का मागं मागं सरकत झाडाचं. तोंड साफ जागेकडे, पाठ कचऱ्याकडे. म्हंजे आपल्याच चपलेचे ठसे साफ फरशीवर पडत नाई. दोन नंबरच्या पायथ्यापासून सुरू कराचं आन गावाकडच्या पायरीपर्यंत तसंच मागं मागं याचं. मंग मोबाइलवर फोटो काढाचा आन गाडी सुटल्यापासून पंधरा मिनिटांत कंपनीले धाडाचा. पंधराची सोळा मिनिटं झाली का स्वप्निलचा फोन. स्वप्निल म्हंजे आमचा सुपरवायझर. पोरगा वाईट नाई, पन त्याच्याही डोक्यावर कोनी बसलाच हाय.

रिकाम्या बोगद्यात झाडूचा आवाज मस्त येते. खर्र, खर्र. मले तो आवाज आवडे. यंदाच्या मार्चात एका सकाळी मी फोटो काढाले थांबली, झाडू काखेत धरला, आन तो आवाज आनखी एकदा आला.

२

त्याच्या आधीचं सांगतो, नाईतर तुमाले काई समजनार नाई.

आमच्या घरी कोनी गावाले निघालं का त्याच्या मागं झाडू लावत नाई. मानूस पोचल्याचा फोन आला, मंगच. काऊन, त घरातून मयत निघालं का लगेच झाडून घेतेत. त्याले परत याचं नसते. ज्याले परत याचं हाय, त्याच्या पायाची धूळ घरात राहू द्या लागते. सासूनं मले शिकवलं, मी माह्या वर्षालीले शिकवलं. आता टेसनवरच्या बाईनं ही रीत कशी पाळाची, सांगा! गाडी गेली का झाडनं हाच आमचा धंदा. मी मनाले समजावो, का हे लोक काई आपल्या घरचे नाई. पन वर्षाली परीक्षेले नागपूरले गेली, का भिंतीकडची एक पट्टी मी तिचा फोन येईपर्यंत सोडून देत होती. तिले त्याच अंगानं चालाले सांगो. फोटोत तेवढं येऊ देत नव्हती.

वर्षाली माही एकटीच पोरगी. तिचा बाप ती चौथीत असताना गेला. मागच्या वर्सी जानेवारीत तिले नागपूरले कपड्याच्या दुकानात नोकरी लागली. मी टेसनभर पेढे वाटले. आन मंग ती म्हने, "रोज येनं-जानं नाई होत आई. मी तिथंच रूम करून राहतो."

"आन मी?"

"तू येत जाजो ना रविवारी."

जशी मी पाहुनी! आठ दिवस घरात हेच चाललं. जाच्या दिवशी सकाळी बॅग घेऊन ती टेसनवर आली, तरी आमचं तोंड चालूच. खालच्या पायरीवर मी म्हटलं, "तुले माहा कंटाळा आला, हे सांग ना सरळ!"

"हाव, आला!" ती म्हने. "तुह्या झाडूचा, त्या फिनाइलच्या वासाचा, साऱ्याचाच आला!"

आन निघाली. मले असा राग आला, असा राग आला, का मी कोपऱ्यातला झाडू उचलला आन तिच्या टाचेमागून झाडत निघाली. मागं मागं नाई, सरळ. तिच्या चपलेले काड्या लागत होत्या. तिनं एकदा वळून झाडूकडे पाह्यलं, मंग माह्याकडे. तिले त्याचा अर्थ माईत होता. मीच शिकवला होता. तशीच चालत राह्यली. अर्ध्या बोगद्यापर्यंत मी तशीच झाडत गेली, मंग झाडू तिथंच टाकला, पाठ फिरवली आन पायऱ्या चढून वर आली. गाडी आली, गाडी गेली. वर्षाली त्या गाडीत नव्हती.

३

दोन नंबरवर तेव्हा सुलोचनाबाई झाडत होती. ती म्हने, तुही पोरगी वर आलीच नाई. गावाकडच्या कॅमेऱ्यात वर्षाली पायऱ्या उतरताना दिसते, तिच्या मागं मी. तिकडच्या कॅमेऱ्यावर रंगकामासाठी फडकं बांधलं होतं. म्हंजे वर गेली असन, गर्दीत दिसली नसन, असं साऱ्याईनं धरलं. पोलीसवाले म्हनले, वयात आलेली पोरगी हाय बाई, भांडून गेली, येईन आपली. फोन बंद तो बंदच. मार्च आला तवा चौदा महिने झाले होते.

सारे म्हनत, जया, त्या बोगद्यात तुह्यानं पाय तरी कसा ठेवला जाते? मी म्हटलं, मी जाऊ कुठं? जिथून गेली तिथूनच येईन ना. घरी गेली का मी तिच्या कोरड्या टॉवेलची घडी मोडो आन पुन्हा घालो. रविवारी सकाळी नागपूरच्या गाडीचं भाडं वेगळं काढून ठेवो. आपल्याले कोनी बोलावलं होतं, हे आठवून मले रडू ये.

४

त आता तो जास्तीचा फटकारा. मी म्हटलं, बोगदा हाय, आवाज घुमते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मधातच थांबली. खर्र. तिसऱ्या दिवशी दोन आले. माहा झाडू नवा, त्याचा आवाज कडक. हा आवाज नरम होता, झिजलेल्या झाडूचा. मी चपला काढून उभी राह्यली. वरून मालगाडी गेली, साऱ्या भिंती हालल्या, ती गेल्यावरही तो आवाज आपला चालूच. मले खोकला आला, तसा थांबला.

मंग फरशी दिसली. आमच्या फरश्या करड्या, दोन-दोन फुटाच्या. बोगद्याच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एकच ओळ साफ. इकडे धूळ, तिकडे पुडे, मधात ही ओळ नुकतीच झाडलेली. काड्यांच्या रेघा पाहून झाडनाऱ्याचं तोंड कुठं होतं ते समजते, एवढी अक्कल या कामात येतेच. तोंड दोन नंबरकडे होतं आन पाठ माह्याकडे.

कोनी टवाळ पोट्टं असन, मी म्हटलं. स्वप्निलले कॅमेरा दाखवाले लावला. सहापासून गाडीपर्यंत कोनी झाडू घेऊन उतरलं नव्हतं. आन गाडीची ऐंशी मानसं त्या ओळीवरून चालून गेली होती, त्याईच्या पायाचा एक ठसा तिच्यावर नव्हता. आजूबाजूले ठसेच ठसे. मी खाली बसून बोट फिरवलं. बोटाले काई लागलं नाई.

मी सारा बोगदा झाडून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मधली ओळ. पुन्हा झाडला, पुन्हा तीच. मंग एप्रिलात एक दिवस माही कंबर धरली, आन गावाकडचा अर्धा भाग तसाच राह्यला. दुसऱ्या दिवशी पाहतो त एकीच्या दोन ओळी झालेल्या. दुसरी माह्या अंगाले.

भीती वाटली का? वाटली ना बाप्पा! पन त्याहून ज्यादा काय वाटलं सांगू? आनंद वाटला. जिथं मी तिले सोडलं, तिथूनच कोनी मागं मागं घराकडे येत होतं. घरी जाऊन मी वांग्याची भाजी केली आन पोटभर जेवली, चौदा महिन्यांत पयल्यांदा. जेवता जेवता मीच मले म्हटलं, जया, तू खुळी झाली. आन भाजी आनखी वाढून घेतली.

बोगद्याच्या मधापासून गावाकडच्या पायरीपर्यंत बावीस ओळी. त्या दिवसापासून गावाकडच्या भागाले मी झाडू लावला नाई.

५

झाडलं नाई, त फोटो कुठून धाडाचा? मी मार्चातले जुने फोटो धाडत राह्यली. दहा दिवस चाललं. अकराव्या दिवशी स्वप्निल स्वतः आला.

"जयाबाई, हा फोटो शिळा हाय," तो म्हने. "या कोपऱ्यात खर्र्याची पन्नी पाहा. चार दिवसांपासून तीच पन्नी, तशीच मुडपलेली. अर्धा सबवे तुमी झाडूनच नाई राह्यल्या. लोकं माह्या नावानं बोंबलून राह्यले!"

"कंबर धरली भाऊ."

"मंग सांगाचं ना! तसंही आता आठच दिवस हाय. एक तारखेपासून नवी कंपनी येऊन राह्यली, मशीन घेऊन. मी तुमचं नाव टिकवाले पाहतो, आन तुमी असं करता."

"मशीन सारंच साफ करते का?"

"या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पानी मारून. एका दमात."

मी त्याचे हात धरले. म्हटलं, "तेवढे आठ दिवस मले काई म्हनू नको रे." स्वप्निल वर्षालीच्याच शाळेतला, दोन वर्सं पुढं. तो माह्याकडे पाहत राह्यला. मंग त्याची नजर साफ ओळींवर गेली. "हे तुमी झाडलं?"

"नाई."

त्यानं एका ओळीवर बूट ठेवला, उचलला, खाली वाकून पाह्यलं. मंग पायऱ्या चढून गेला. त्या दिवशी त्याले दोन नंबरवर जाचं होतं, त तो वरून रूळ ओलांडून गेला.

सुलोचनाबाईलेही मी सांगितलं. ती दुसऱ्या पायरीपर्यंत उतरली आन कान देऊन उभी राह्यली. मंग एक पायरी वर सरकली.

"हे तुही पोरगी नाई वं माय."

"मंग कोन?"

"मले काय माईत! पन एक आयक. त्या झाडलेल्या जागेवर पाय नको ठेवजो."

"काऊन? सारं गाव ठेवून राह्यलं."

"त्याईचे ठसे नाई उठत," ती म्हने. "तुहा उठला त?"

६

तीस एप्रिलले सकाळी तीन ओळी बाकी होत्या. रोज एक ओळ, आन उद्या मशीन. हिशेब कोनालेही समजते. रात्रभर मी तोच विचार केला, का ते एकाच ओळीवर काऊन थांबते. मंग ध्यानात आलं: मीच थांबवतो. मी खोकलतो, नाईतर फोन वाजते, नाईतर मी पाहाले जातो.

सात पंधराची गाडी गेल्यावर मी पायऱ्यांवर "काम चालू हाय" ची पिवळी पाटी लावली. पुढची गाडी अकराले. फोन बंद केला. खालच्या पायरीवर बसली, पदर तोंडात धरला आन डोळे मिटले.

बराच वेळ काई नाई. ट्यूबलाइटची घुंईघुंई. कुठं तरी पानी ठिबकत होतं. मंग सुरू झालं. खर्र. खर्र. एक ओळ झाली. मी श्वास रोखून बसली. दुसरी ओळ. आता झाडूच्या मधातला श्वासही आयकू येत होता, दमलेल्या बाईचा असते तसा. मले वाटे उठून धरावं. मले वाटे पळून जावं. तिसरी ओळ झाली आन माह्या अंगठ्याले कोनाची तरी टाच लागली.

मी डोळे उघडले.

पाठ होती. जाताना घातलेला तोच पिवळा ड्रेस, मळून करडा झालेला. वेनी जाताना खांद्यापर्यंत होती, आता कमरेच्या खाली. पंधरा महिन्यांत केस तेवढे वाढत नाई. हातातल्या झाडूची मूठच राह्यली होती. अनवानी पाय, टाचा फाटलेल्या.

"वर्षाली," मी म्हटलं.

झाडू थांबला.

"सरक ना आई," ती म्हने. तिचाच आवाज! घरात मी दारात बसलेली असली का म्हने तसाच, थोडा चिडलेला. "वर जाय. मले झाडू दे."

"इकडे पाह्य ना माय एकदा."

"नाई पाहता येत. तू वर जाय. तू इथं राह्यली त मले पुन्हा मधातून सुरू करा लागते."

म्हंजे आता मी सरकाचं होतं, एवढंच. पाठ फिरवाची आन पायऱ्या चढाच्या. खरं सांगतो, एक पाय मी वरच्या पायरीवर ठेवलाही. पन त्या दिवशीही मी हेच केलं होतं. तिच्याकडे पाठ केली आन वर निघून गेली. पुन्हा मी तिच्याकडे पाठ करू? आन मी वर गेल्यावर ती मागं मागं येईन, का पुन्हा अर्ध्यातच राहीन, कोनी सांगावं? मले तिचं तोंड पाहाचं होतं. दुसरं काई नाई, तोंड.

मी भिंतीले अंग घासत तिच्या बाजूनं निघाली.

"आई, तिकडे नको! आई!"

मी झाडलेल्या फरशीवर पाय ठेवला. ठसा उठला, पाचही बोटांचा, पान्यातून आल्यासारखा. मी चार पावलं गेली, वळली आन तिच्या समोर उभी राह्यली.

तिचं तोंड कसं होतं ते नाई सांगत. माहं लेकरू हाय, तेवढं माह्यापाशी राहू द्या.

ती रडत होती आन झाडत होती. हात तिच्या ताब्यात नव्हते. मी "थांब" म्हटलं, तीही "थांब, थांब" म्हनत होती, पन झाडू चालूच. ती पयली पायरी मागं मागं चढली, मंग दुसरी. माह्याकडे पाहत पाहत एकवीस पायऱ्या झाडत गेली. वर उन्हाचा चौकोन होता, त्यात तिची टाच पडली आन तिच्या हातातला झाडू गळून पडला.

७

वरून सुलोचनाबाईची किंकाळी आयकू आली. "अवो, वर्षाली! कुठं होती वं माय? केवढी वाळली! कोनी पानी आना रे, पानी आना!" मंग धावपळ, स्वप्निलचा आवाज, आन वर्षालीचा, "माही आई खाली हाय, माही आई खाली हाय." पाच-सहा जन धावत उतरले. माह्या अंगावरून दोन नंबरपर्यंत गेले, परत आले. स्वप्निल माह्यापासून हातभर अंतरावर उभा होता. म्हने, "खाली कोनीच नाई."

मी पायरीकडे निघाली. पायरी दिसते. मी चालतो. पायरी तिथंच दिसते. किती दिवस चालली ते माईत नाई. मशीन येते, माह्या पायावरून ब्रश फिरवून जाते. मले त्याचं पानीही लागत नाई. तुमी येता, तुमाले मी हाका मारतो, तुमी कानात वायर घालून असता.

वर्षाली नागपूरले गेली नाई. ती रोज सकाळी येते आन खालच्या पायरीवर उभी राह्यते. आता अंगावर मांस धरलं हाय पोरीनं, केस कापले. मले पाहते का नाई देव जाने, पन बरोबर माह्याकडेच तोंड असते. पयल्या दिवशी तिनं एक नवा झाडू आनला आन बोगद्यात दूर सरकवून दिला. तो माह्या पायापाशी येऊन थांबला.

"उचल ना आई," ती म्हने. "मागं मागं ये. मी इथंच उभी हाय."

इथंच उभी हाय. मले समजलं नाई का? ती खालच्या पायरीवरून हालनार नाई. मी शेवटच्या ओळीपर्यंत आली, का ती माह्या बाजूनं भिंत घासत या साफ फरशीवर येईन आन माह्या जागी अडकन. माहीच पोरगी हाय, हट्टही माहाच घेतला हाय तिनं.

मले घरी जावंसं वाटते हो. तिच्या हातचा चहा प्यावासा वाटते, तिच्या केसाले तेल लावावंसं वाटते. झाडूकडे पाह्यलं का हाताले मुंग्या येतेत. कधी कधी मी वाकतोही. मंग पॅसेंजरची शिट्टी होते, तुमी सारे धडधड उतरता, कोनाच्या तरी बुटानं झाडू भिंतीकडे जाते, गाडी निघून जाते, आन ती पुन्हा आत येऊन तो माह्याकडे सरकवते.

"उचल ना वं आई."

मी दोन्ही हात पाठीमागं बांधतो आन तिच्याकडे तोंड करून उभी राह्यतो.